आईच्या दाढेतली चांदी आणि हातापायांच्या मुंग्या

प्रश्न: चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. आईचं वय ५६. चार दाढांमध्ये वीस-बावीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे, दुखत-खुपत काही नाही. दीड-दोन वर्षांपासून मात्र थकवा, हातापायांना मुंग्या आणि तोंडाला धातूसारखी चव आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नऊ वर्षांपासून चालू. धुळ्याच्या एका निसर्गोपचार शिबिरात हातात पितळी दांडी धरायला देऊन यंत्रावर तपासलं आणि ‘दातातला पारा नसांमध्ये उतरलाय’ असं सांगितलं. चारही दाढांतली चांदी काढून पांढरं सिमेंट भरायचं, मग तीन महिने डिटॉक्स (शरीरातलं विष काढण्याचा म्हणून सांगितलेला उपचार), एकूण खर्च ३८,००० रुपये. ताईंना स्वतःला तिसरा महिना चालू आहे आणि त्यांच्याही एका दाढेत चांदी आहे. दोघींनी काढून घ्यावी का?

उत्तर:

ताई, नको. आईच्या दाढा धड असतील तर त्यांना हात लावू नका. तुमची दाढ तर बाळंतपण होऊन बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत अजिबात उकरून घेऊ नका. आईचा त्रास मात्र खरा आहे, आणि त्याचं कारण दाढेपेक्षा तुमच्याच पत्रातल्या एका दुसऱ्या ओळीत असण्याची शक्यता जास्त आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी पाऱ्याचं बोलू, कारण शिबिरवाल्यांनी सांगितलं त्यात थोडं खरंही आहे, आणि त्या थोड्या खऱ्यावरच बाकीचं सगळं उभं केलं जातं.

आपण जिला चांदी म्हणतो तिच्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. जळगावात माझ्या दातांच्या दवाखान्यात हे ऐकून पेशंट दचकतात. आम्ही शिकलो तेव्हा भुकटी आणि पारा मोजून भरलेल्या तयार कॅप्सूल नव्हत्या. खलात चांदीची भुकटी आणि पारा घोटायचा, मऊ गोळा झाला की कापडात धरून जास्तीचा पारा पिळून काढायचा, आणि मग तो गोळा दाढेत दाबून बसवायचा. हातात अंगठी असेल तर आधी काढून ठेवायची, कारण पारा लागला की सोनं पांढरं पडतं. सराफ बाजाराच्या गावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तो गोळा काही तासांत घट्ट होतो, कारण पाऱ्याचं बाकीच्या धातूंशी संयुग बनतं. थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळणारा पारा आणि घट्ट झालेली चांदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण ‘घट्ट झाला म्हणजे त्यातून काहीच निघत नाही’ असं कोणी डॉक्टर सांगत असेल तर तेही बरोबर नाही. चावताना, दात खाताना, गरम चहा पिताना चांदीच्या पृष्ठभागावरून पाऱ्याची अगदी थोडी वाफ सुटते. दिवसाला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात. श्वासातून फुप्फुसात गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के रक्तात शोषली जाते, म्हणून मोजताना वाफच महत्त्वाची. उलट गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून ०.०१ टक्क्याहूनही कमी शोषला जातो. जेवताना चांदीचा तुकडा निघून पोटात गेला म्हणून रात्री दहा वाजता घाबरून फोन येतात. तो तुकडा येईल तसा निघून जातो. दाढ मात्र दाखवायला या.

चघळण्याने वाफ वाढते हेही मोजलेलं आहे. निकोटिनचं च्युइंग गम सतत चघळणाऱ्या, दाढेत चांदी असलेल्या लोकांच्या लघवीत पारा जास्त सापडला. आई दिवसभर सुपारी चघळत असतील तर ती बंद करायला हे एक कारण झालं. याहून मोठी कारणं म्हणजे सुपारीने दाढा चिरतात, गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि पुढे तोंड उघडेनासं होतं. आमच्याकडे असे पेशंट येतात की ज्यांच्या गालात तंबाखूची गोळी आहे, बोटाला मशेरी आहे आणि तक्रार काय, तर ‘डाक्टर, हाई चांदी काढी टाका, आंगमा इख पसरस म्हनतस.’ इख म्हणजे विष पसरतंय खरं, पण ते बोटावरच्या मशेरीतून.

आता प्रमाणाचं. पारा किती चढलाय हे लघवीत मोजतात. पाऱ्याशी कामाचा संबंध नसलेल्या माणसात, दाढेत चांदी असली तरी, तो सहसा ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे (लघवीतून नेहमीच बाहेर पडणारा एक पदार्थ) ५ मायक्रोग्रॅमच्या आत राहतो. हात थरथरणं, चिडचिड, विसराळूपणा ही पाऱ्याच्या विषबाधेची स्पष्ट लक्षणं कारखान्यातल्या कामगारांमध्ये दिसली ती याच्या कितीतरी पट पातळीवर. पाऱ्यात कालवलेल्या सोन्याचा मुलामा चढवताना कारागीर भांडं तापवून पारा उडवून लावायचे. खोली बंद असेल तर ती वाफ थेट त्यांच्या छातीत जायची. पाऱ्याने आजारी पाडलं ते अशा लोकांना. आणि थोडं आम्हालाही. जुन्या सर्वेक्षणांत पेशंटपेक्षा दंतवैद्यांच्या लघवीत पारा जास्त मिळालेला आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की पाऱ्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, ढोबळमानाने दुप्पट होतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ वर गेला की बंद दवाखान्यात फरशीच्या फटीत सांडून राहिलेला खरा पारा काय करत असेल, याचा विचार आमच्या धंद्यातल्या माणसाने करायचा. चार जुन्या दाढांची काळजी त्यापुढे किरकोळ आहे.

मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत वाकड्या झालेल्या बोटांची, आंधळ्या झालेल्या माणसांची चित्रं दाखवतात. ती बहुतेक जपानमधल्या मिनामाटाची असतात. १९५६ मध्ये तिथे जो आजार उघडकीला आला तो मिथाइल पाऱ्याचा, म्हणजे पाऱ्याच्या एका वेगळ्या संयुगाचा होता. कारखान्याचं सांडपाणी समुद्रात गेलं, ते विष माशांत साठलं आणि लोकांनी ते मासे खाल्ले. मिथाइल पारा आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो. त्याचा आणि दाढेतल्या चांदीचा मूळ धातू एक असला तरी शरीरातला प्रवास वेगळा.

‘अभ्यास झालेत का?’ असं विचाराल. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी आले. एक लिस्बनमधली, ५०७ मुलं, सात वर्षं पाठपुरावा. दुसरी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली, ५३४ मुलं, पाच वर्षं. चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून अर्ध्या मुलांना चांदी भरली, अर्ध्यांना कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं पांढरं भरण. चांदीच्या गटात लघवीतला पारा थोडा जास्त निघाला, हे खरं. पण बुद्ध्यांक, स्मरणशक्ती, मूत्रपिंडं यांत फरक पडलेला दिसला नाही. आणि दुरुस्ती पुन्हा-पुन्हा करावी लागली ती कॉम्पोझिटच्या गटात जास्त.

मग ही भीती आली कुठून? ती शिबिरवाल्यांनी शोधलेली नाही, दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८४०च्या दशकात अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून ‘चांदी वापरणार नाही’ अशी लेखी शपथच घेतली होती, आणि त्या भांडणात १८५६ मध्ये ती संघटना मोडली. आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने खरोखर आजारी पाडलं होतं. १९२६ मध्ये त्याने या वाफेच्या धोक्याबद्दल लिहिलं आणि दातांतल्या चांदीकडेही बोट दाखवलं. तो माणूस प्रामाणिक होता. पण वर्षानुवर्षं उघड्या पाऱ्यात काम करणाऱ्याचं दुखणं चार दाढांना लावून चालत नाही. पुढे कोलोरॅडोतल्या हॅल हगिन्स या दंतवैद्याने चांदी काढली की अनेक असाध्य आजार बरे होतात असा प्रचार केला. १९९६ मध्ये त्याचा परवाना रद्द झाला. आपल्याकडच्या पत्रकांतली कितीतरी वाक्यं त्याच परंपरेतली आहेत.

आणि ते पितळी दांडीचं यंत्र. त्याचं मूळ १९५०च्या दशकातल्या राइनहोल्ट फोल या जर्मन डॉक्टरकडे जातं. यंत्र मोजतं ते त्वचेचा विद्युत्‌रोध. हात घामाने ओला असेल किंवा यंत्राचं टोक बोटावर जोरात दाबलं तर काटा हलतो. तपासणाऱ्याने बोट किती दाबलं यावर तुमच्या आईचं यकृत, मूत्रपिंड आणि दाढ ‘खराब’ ठरू शकते. पारा मोजण्याची सोय त्यात कुठेच नाही. तोंडात दोन वेगळे धातू असले तर बारीक विद्युत्प्रवाह वाहतो हे मात्र खरं आहे. चांदी भरलेल्या दाढेखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉईल आली की जी झिणझिणी जाते ती हीच. ती क्षणात थांबते, नसांमध्ये उतरत नाही.

‘पण शिबिरात एक मावशी भेटल्या, चांदी काढली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना हलकं वाटलं.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तुम्ही पत्रात लिहिलं नसलं तरी कोणीतरी सांगितलं असणार. चांदी ड्रिलने उकरताना वाफ आणि भुकटी सगळ्यात जास्त उडते, म्हणून काढल्यानंतर काही दिवस रक्तातला पारा वाढलेला असतो, कमी झालेला नसतो. मग तो उतरतो, पण शरीरातून निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर ते पारा गेल्यामुळे नक्कीच नाही. म्युनिकमध्ये यावर एक नेटका प्रयोग झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपलं दुखणं चांदीमुळे आहे असं मानणारे ९० लोक घेतले आणि तीन गट पाडले. एका गटाची चांदी काढली, दुसऱ्याची काढून वर डिटॉक्स दिलं, तिसऱ्याची चांदी तशीच ठेवून आहार, व्यायाम, विश्रांती यांचं मार्गदर्शन केलं. वर्षभराने तिन्ही गटांना जवळपास सारखंच बरं वाटत होतं. मावशी खोटं बोलत नाहीत. कोणीतरी लक्ष दिलं, तासभर ऐकून घेतलं, काहीतरी केलं, याने माणसाला बरं वाटतं. आम्ही डॉक्टर लोक तेवढं ऐकत नाही, म्हणून शिबिरं भरतात, असं माझं मत आहे.

तुमच्या मनात आलंच असेल की इतकं सुरक्षित आहे तर जगभर बंद का करताहेत? बंद होतंय, हे खरं आहे. पाऱ्यावरचा मिनामाटा करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं, अगदी वैद्यकीय गरज सोडली तर, थांबलं. करारातल्या देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला २०३४ पर्यंत ती संपवायचं ठरवलं. यामागचं मुख्य कारण पर्यावरणाचं आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून नाल्यात जाणारी भुकटी, मृतदेहाच्या दहनात त्याच्या दाढांतून उडणारी वाफ आणि पुढे पाण्यातल्या जिवाणूंनी त्या पाऱ्याचा केलेला मिथाइल पारा. म्हणजे रस्ता पुन्हा मिनामाटाकडेच जातो, फक्त तो तुमच्या आईच्या तोंडातून नाही, माझ्या बेसिनमधून जातो. नवीन चांदी भरू नये, याला माझा पाठिंबा आहे आणि मी ती भरणं सोडूनही दिलं आहे. आधीच भरलेली, धड असलेली उकरून काढा, असं मात्र या करारात कुठेही नाही.

तुमच्याबद्दल. पाऱ्याची वाफ गर्भाशयातल्या वारेतून बाळापर्यंत पोचू शकते. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की गरोदर किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेले लोक आणि पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले यांना शक्यतो नवीन चांदी भरू नये. त्याच पत्रकात, चांगल्या अवस्थेतली चांदी वैद्यकीय गरजेशिवाय काढू नये, असंही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं वाक्य फिरतं, दुसरं गळतं. चांदी उकरताना पारा जास्त उडतो, आणि तुम्हाला तिसरा महिना आहे. दाढ ठणकली, सूज आली तर मात्र अंगावर काढू नका. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दातांचं काम आरामात करता येतं, आणि आल्याबरोबर दिवस गेल्याचं डॉक्टरांना सांगा.

काढायची वेळ कधी येते? कडा तुटली, खाली पुन्हा कीड लागली, चावून सोडताना कळ येते, दाढेला चीर गेली, किंवा चांदीला टेकणाऱ्या गालावर पांढरी जाळीदार नक्षी उठून आग होते. हे शेवटचं कमी दिसतं, पण खरं आहे. तिथली चांदी काढली की बहुतेकदा ते बरं होतं. हिरडीवर निळसर-काळा डाग असेल तर तो चांदीचा कण रुतल्याचा असू शकतो आणि त्याने काही होत नाही. पण तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला कोणताही नवा डाग एकदा दाखवून घ्यावा. काढायचीच झाली तर दाढेवर रबर डॅम (दाढेभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा), भरपूर पाणी, जोराचं सक्शन, आणि भुगा करण्याऐवजी कापून मोठे तुकडे काढायचे. हे सगळं साध्या, नीट चालवलेल्या दवाखान्यात होतं. त्यासाठी अंतराळवीरासारखा पोशाख आणि तिप्पट बिल लागत नाही. आणि प्रत्येक वेळी भरलेलं काढून नवं भरताना दाढेचा थोडा धड भागही जातोच. वीस वर्षं शांत असलेल्या चार दाढा उकरल्यावर त्यातल्या एखादीची नस दुखावून रूट कॅनलवर गेली तर आश्चर्य वाटायला नको.

डिटॉक्सचं थोडक्यात. कोथिंबिरीने पारा निघतो असं सांगतात. कोथिंबीर बामणोदच्या वांग्यांच्या भरितात सढळ हाताने घाला, तिचा उपयोग तिथे आहे. पण पुडीत नाव नसलेली भुकटी किंवा ‘पारदयुक्त’, म्हणजे पारा असलेली, गोळी दिली असेल तर ती आईला देऊ नका. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. रसशास्त्रात पारदाचे संस्कार, शोधन-मारण यांची मोठी शिस्त आहे, आणि असं औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना डब्यावर छापण्याचा नियमही आहे. बिननावाच्या पुडीला ना ती शिस्त, ना तो नियम. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. दातातला पारा काढायला पाऱ्याची गोळी, असला उफराटा व्यवहार नको.

एक तपासणीही शिबिरवाले सुचवतील. आधी धातू ओढून काढणारं औषध द्यायचं आणि मग लघवी तपासायची. त्या औषधाने कोणाच्याही लघवीत पारा वाढतो, आणि अहवालात मात्र तो औषध न घेतलेल्या लोकांच्या आकड्याशी ताडलेला असतो. म्हणजे सगळेच ‘विषबाधित’ निघतात. सलाईनमधून अशी औषधं देणं तर कधीच मान्य करू नका. २००५ मध्ये अमेरिकेत अशाच उपचारात रक्तातलं कॅल्शियम कोसळून एक पाच वर्षांचं मूल गेलं.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ: मेटफॉर्मिन, नऊ वर्षं. हे चांगलं, जुनं, स्वस्त औषध आहे. पण ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि घरात मांस-मासे-अंडी नसतील तर आणखीच. बी-१२ कमी झालं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. तोंडाला धातूसारखी चव येणं हाही मेटफॉर्मिनचा माहीत असलेला परिणाम आहे. साखर आटोक्यात नसेल तर तिनेही नसा दुखावून मुंग्या येतात आणि हिरड्या सुजून तोंडाची चव बिघडते. मी दातांचा डॉक्टर, आईला न तपासता निदान करणार नाही. पण तिन्ही लक्षणं या एका गोळीभोवती जमताहेत आणि यंत्रवाल्याने ती गोळी विचारलीही नाही, याचं मला नवल वाटतं.

म्हणून ज्या डॉक्टरांकडे शुगर दाखवता त्यांच्याकडे आईला न्या आणि बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि क्रिएटिनिन तपासायला सांगा. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. पायाला चटका किंवा काटा लागलेला कळत नसेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. दाढांसाठी तालुक्याच्या गावी कुठल्याही दंतवैद्याकडून एक्स-रे काढून चांदीच्या कडा आणि खालची कीड पाहून घ्या, आणि हिरड्या साफ करून घ्या. एक लक्षात ठेवा, मेडिकलवाला किंवा शेजारचे कोणी ‘तोवर ताकदीच्या गोळ्या चालू करा’ म्हणतील. त्यांत बहुधा बी-१२ असतं आणि मग रक्तातला आकडा खोटाच चांगला दिसतो. आधी रक्त देऊ द्या, गोळ्या नंतर.